इंजिन रोज त्याच जागी का थांबतं? छोट्या रेल्वेतला पुन्हा पुन्हा येणारा दोष आणि त्याचा माग

हे मॉडेल रेल्वेबद्दल आहे, म्हणजे घरात मांडलेल्या, रुळांतून वीज घेऊन धावणाऱ्या छोट्या गाड्यांबद्दल. लक्षणं आधी सांगतो. इंजिन छान पळत असतं आणि एका ठरावीक जागी आलं की हेडलाइट मिणमिणतो, गाडी अडखळते, कधी जागेवर उभीच राहते. बोटानं जरा ढकललं की पुन्हा चालू. रूळ पुसले की दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी तेच. वेगात सोडली तर ती जागा पार करते, पण स्टेशनात शिरताना हळू घेतली की हमखास थांबते. कंट्रोलरपासून, म्हणजे रुळांना वीज देणाऱ्या आणि वेग ठरवणाऱ्या पेटीपासून, लांबच्या टोकाला वेग आपोआप उतरतो. डीसीसी (रुळांतूनच इंजिनाला डिजिटल आज्ञा देणारी पद्धत) असेल तर इंजिनाचा आवाज मध्येच तुटतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. आणि आपल्या कोल्हापुरात हे सगळं मृगाचा पाऊस सुरू झाला की वाढतं.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली, तर पुढच्या तपासण्या दिलेल्या क्रमानंच करा. पहिल्या फुकटच्या आहेत, नंतरच्या किरकोळ खर्चाच्या, शेवटच्या घाम काढणाऱ्या. बहुतेक जण उलटं करतात. आधी इंजिन उघडतात, आणि दोष असतो रुळाच्या जोडात.

माझा लेआउट, म्हणजे बोर्डावर मांडलेली सगळी छोटी रेल्वे, शाहूपुरीत, गच्चीवरच्या खोलीत आहे. एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणातला; दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. मिरज-कोल्हापूर मार्ग, १८९१ साली सुरू झालेला, तोच मला उभा करायचा होता. पण ४७ किलोमीटरचा मार्ग या प्रमाणातसुद्धा ५४० मीटर होतो, म्हणून फक्त रुकडी, पंचगंगेचा पूल, वळिवडे आणि गुळ मार्केट एवढंच घेतलं. पुलाच्या रुकडीकडच्या तोंडाशी माझं इंजिन सलग तीन पावसाळे थांबत होतं. नंतर ओळखीच्या चार-पाच जणांच्या लेआउटवर हाच दोष काढून दिला. प्रत्येक ठिकाणी मालक सांगत होता, "कचरा बसतोय." प्रत्येक ठिकाणी कचरा थोडाफार होताच, पण मूळ दोष दुसरा होता.

आधी ठरवा: दोष रुळाचा की इंजिनाचा?

एक पेन्सिल घ्या. इंजिन जिथं थांबेल तिथं शेजारच्या स्लीपरवर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्टीवर, बारीक खूण करा. दहा फेऱ्या मारा. मग दुसरं इंजिन घेऊन पुन्हा दहा.

दोन्ही इंजिनं एकाच खुणेवर थांबत असतील तर दोष रुळात आहे. एकच इंजिन थांबत असेल आणि तेही सगळीकडं, तर दोष त्या इंजिनात. एकच इंजिन एकाच जागी थांबत असेल तर दोघांचा थोडा थोडा वाटा आहे. बहुतेक वेळा रुळावर वीज न पोचणारी एक छोटी मृत जागा असते आणि त्या इंजिनाची वीज घेणारी चाकं कमी असतात. लांब इंजिन ती जागा ओलांडतं, चार चाकांचं शंटर, म्हणजे डबे हलवणारं छोटं इंजिन, तिथंच अडकतं.

ही तपासणी फुकटची, म्हणून लोक ती सोडून देतात. राजारामपुरीतला एक मुलगा माझ्याकडं इंजिन घेऊन आला होता. "काका, मोटर गेलीय." माझ्या रुळावर ते अर्धा तास न थांबता फिरलं. त्याच्या घरी जाऊन खुणा केल्या, तर सगळ्या एका सांध्याच्या (रूळ बदलणाऱ्या पॉइंटच्या) दोन इंचांत. मोटर उघडली असती तर चांगली मोटर हकनाक बिघडली असती.

बोट आणि आगकाडी

खूण मिळाली की गाडी तिथं थांबलेलीच ठेवा, कंट्रोलर चालू ठेवा, आणि आगकाडीच्या लाकडी टोकानं जवळचा जोड हलकेच दाबा. दोन रुळांना जोडणारी ती छोटी पत्री टोपी, फिशप्लेट, तिच्यावर. गाडी सुटली तर दोष सापडला. वर्षभर त्या फिशप्लेटमधून वीजही गेलेली असते आणि गाड्यांचा भारही. रूळ किंचित वर-खाली होत राहिला की ती सैल होते, आत हवा शिरते, काळसर थर धरतो.

सांधा असेल, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर नेणारा पॉइंट, तर त्याचं सरकतं पातं बाजूच्या पक्क्या रुळाला नीट टेकतंय का ते त्याच आगकाडीनं दाबून बघा. अनेक सांध्यांत पुढची वीज केवळ त्या टेकण्यातूनच जाते. जेमतेम काही मिलिमीटरचा स्पर्श, आणि तिथं बॅलास्टचा, म्हणजे रुळाखालच्या खडीचा, एक खडा किंवा रंगाचा थेंब आला की संपलं. कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पातं आणि रूळ यांच्यात घाला, पातं बंद करा, पट्टी ओढून काढा. तीन-चार वेळा. कागदावर काळी रेघ येते.

पुसणं, पण नीट

आता सफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्क्यांचं, आणि धागे न सोडणारं कापड. खिडकी उघडी, जवळ देवाचा दिवा किंवा उदबत्ती नाही. याची वाफ पेटते. थिनर किंवा अ‍ॅसिटोन अजिबात नको, स्लीपरचं प्लास्टिक विरघळतं.

पॉलिश पेपर आणि तारेची घासणी लेआउटच्या खोलीत आणूच नका. पॉलिश पेपरनं रुळावर बारीक चरे पडतात आणि पुढचा मळ त्या चऱ्यांत घट्ट बसतो, म्हणून दर खेपेला सफाई लवकर लागते. तारेच्या घासणीचे बारीक लोखंडी केस तुटून पडतात आणि मोटरच्या चुंबकाला चिकटतात. ते नंतर काढणं फार जिकिरीचं.

चाकांचा मळ लोक विसरतात. पेपर नॅपकिनची पट्टी रुळांवर आडवी टाका, आयसोप्रोपिलनं ओली करा. इंजिनाची एक बोगी, म्हणजे एका टोकाचा चाकांचा गाडा, पट्टीवर, दुसरी कोरड्या रुळावर. इंजिन हातानं धरून चाकं फिरू द्या. दोन काळ्या समांतर रेघा उमटतील. पट्टी सरकवून पुन्हा करा, रेघा फिक्या होईपर्यंत. मग बोग्यांची अदलाबदल. रबरी टायर असलेल्या चाकांना जास्त भिजवू नका. डब्यांची चाकंही पुसा, विशेषतः प्लास्टिकची. मळ गोळा करून पुन्हा रुळावर पसरवायचं काम तीच करतात.

उसाच्या हंगामात आपल्याकडं गच्च्यांवर बारीक काळी काजळी उतरते. त्या दिवसांत मी खिडकीला ओलं फडकं लावतो आणि लेआउटवर जुनी चादर टाकतो. तेवढ्यानं सफाईचा फेरा आठवड्यावरून महिन्यावर गेला.

सफाईनंतर आठ दिवस गाडी बरी चालली आणि नंतर तिथंच थांबली, तर अजून पुसत बसू नका. ठरावीक जागी परत येणारा दोष मळाचा नसतो. मळ सगळीकडं बसतो.

बल्बची परीक्षा

माझ्या तीन पावसाळ्यांचं उत्तर इथं मिळालं, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

मल्टिमीटर लावून बघितलं तर पुलाच्या तोंडाशी ११.९ व्होल्ट. कंट्रोलरपाशी १२. म्हणजे सगळं ठीक, असं मी दोन वर्षं धरून चाललो. चूक इथंच होती. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. जोड खराब असला, केसाएवढा स्पर्श उरला असला, तरी न ओढलेल्या करंटला तिथं अडथळा जाणवत नाही आणि आकडा पूर्ण दिसतो. इंजिन आलं, करंट ओढायला लागलं, की त्या केसावर व्होल्ट गळून पडतात.

म्हणून भार देऊन मोजायचं. मोटारसायकलचा १२ व्होल्ट, ५ वॉटचा पार्किंगचा बल्ब आणा. त्याला दोन वायरी सोल्डर करा, टोकांना मगरचिमटे लावा. हा बल्ब साधारण ०.४ अँपिअर ओढतो, एचओच्या इंजिनाच्या जवळपास. कंट्रोलर पूर्ण उघडा, बल्ब संशयित जागेच्या पलीकडं दोन्ही रुळांना लावा आणि त्याचा उजेड बघा. मग कंट्रोलरजवळ लावून बघा. फरक डोळ्यांना दिसतो. माझ्या पुलावर बल्ब तांबडा, निखाऱ्यासारखा जळत होता.

आता बल्ब पेटलेलाच ठेवून मल्टिमीटरचं एक टोक जोडाच्या अलीकडं आणि दुसरं त्याच रुळावर जोडाच्या पलीकडं ठेवा. जोड चांगला असेल तर आकडा जवळपास शून्य, व्होल्टचे काही शतांश. माझ्या पुलाच्या जोडावर २.८ आला. रुळाच्या वरून तो जोड इतका स्वच्छ दिसत होता की त्यात चेहरा दिसावा.

दोन्ही रुळांचा एकेक जोड असाच मोजत जा आणि ज्याचा आकडा मोठा त्यावर खूण करा. डीसीसी असेल तर मल्टिमीटर एसीवर ठेवा. आकडा नेमका मिळणार नाही, पण जोडांची आपसात तुलना करायला पुरतो.

डीसीसीवाल्यांसाठी आणखी एक परीक्षा: एक रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. बूस्टरनं, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या डीसीसीच्या पेटीनं, त्याच क्षणी वीज तोडली पाहिजे. तोडली नाही, तर तिथपर्यंतची वायर बारीक आहे किंवा जोड कच्चे आहेत, आणि खरं शॉर्टसर्किट झालं की तिथं रूळ आणि चाकं तापत राहतील. नाणं लगेच उचला. साध्या डीसी कंट्रोलरवर हा प्रयोग करू नका.

तो जोड मेला कशानं?

जोड उघडला तेव्हा फिशप्लेटच्या आत काचेसारखा पारदर्शक थर होता. फेव्हिकॉल. पुलाच्या तोंडाशी बॅलास्ट चिकटवताना मी फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून, वर भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून, ड्रॉपरनं सोडलं होतं. साबणाचा थेंब पाण्याला खड्यांमध्ये झिरपायला मदत करतो, आणि तेच पाणी फिशप्लेटच्या फटीतही झिरपतं. पाणी उडून जातं, गोंद राहतो, आणि वाळलेला गोंद वीज सोडत नाही. पावसाळ्यात तो ओल ओढून फुगतो, थंडीत आक्रसतो. म्हणून दोष ऋतूप्रमाणं येतो-जातो. रुळांच्या बाजूंना गंजाचा रंग देतानाही हेच होतं.

तेव्हापासून बॅलास्ट टाकण्याआधी प्रत्येक फिशप्लेटवर आणि सांध्याच्या पात्याच्या बिजागरीवर मी मास्किंग टेप लावतो. सांध्याच्या आत ड्रॉपर नेतच नाही. तिथले खडे चिमट्यानं, टाचणीच्या टोकाएवढ्या गोंदावर.

बॅलास्टबद्दल आणखी एक, कारण आपल्याकडं खडीची कच सहज मिळते आणि रंगही अगदी खरा येतो. चहाच्या गाळणीतून चाळली की एचओला शोभते. पण आपला दगड काळा बेसाल्ट, आणि बेसाल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे कण असतात. कच प्लास्टिकच्या पिशवीत भरा, बाहेरून चुंबक फिरवा. पिशवीच्या आतल्या बाजूला काळी मिशी उभी राहते. ती बाजूला काढा. दोन-तीनदा. नाहीतर तीच मिशी इंजिनाच्या पोटात जाते.

पक्का इलाज: प्रत्येक रुळाला स्वतःची वायर

फिशप्लेटचं काम रूळ एका रेषेत धरायचं. वीज नेण्याचं काम तिच्यावर टाकलं की आज ना उद्या ती दगा देणार. नवी फिशप्लेट घातली तर वर्ष-दोन वर्षं निघतात, आणि घाईत असाल तर तेवढंच करा. कायमचं हवं असेल तर रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची वायर द्या.

बोर्डाच्या खाली घराच्या वायरिंगची दीड एमएमची तांब्याची वायर फिरवा, एक लाल, एक काळी. प्रत्येक रुळातून अर्ध्या एमएमची, वीतभर लांब वायर खाली आणून तिला जोडा. मागचा रूळ लाल, पुढचा काळा, असं एकदा ठरवा आणि बोर्डाच्या खाली खडूनं लिहा. एक जरी उलटी लागली तरी शॉर्ट.

रूळ निकेल सिल्व्हरचे असतात, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर. नावात चांदी, प्रत्यक्षात तांबं, निकेल आणि जस्त. तांब्याच्या तुलनेत त्याचा विजेला विरोध पंधरा पटींहून जास्त. लांबच्या टोकाला गाडी मंदावते त्यात याचाही हात असतो. तांब्याची वायर तिथवर गेली की तो फरक जातो.

सोल्डरिंगला ४० वॉटचं आयर्न, ६०/४० सोल्डर आणि रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात ती राळ). रुळाची बाहेरची बाजू घासून चकचकीत करा, दोन्हीकडच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, तापलेलं टोक दोन-तीन सेकंदच टेकवा. पाच सेकंद धरलंत की स्लीपर वितळून रुळांतलं अंतर बिघडतं, आणि मग गाडी रुळावरून घसरायचा नवाच दोष सुरू होतो. अ‍ॅसिडचा फ्लक्स वापरू नका, सहा महिन्यांत जोड हिरवा पडतो. गुजरीत सोनार टाकणखार वापरतात म्हणून मीही एकदा विचारायला गेलो. तिथल्या कारागिरानं समजावलं, तो भट्टीच्या उष्णतेचा मामला, आपल्या आयर्नला टाकणखार वितळतच नाही.

आणि सगळे जोड सोल्डरनं भरून टाकायचा मोह आवरा. एक मीटर रूळ २० अंशांनी तापला की साधारण ०.३ मिमी वाढतो. सहा मीटरच्या सरळ मार्गाचे दोन मिलिमीटर झाले. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत त्यांना जायला जागा नसेल तर रूळ आडवा वाकतो. दर मीटरला एक जोड मोकळा ठेवा, पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडून. वायरी लावलेल्या असल्या की त्या फटीनं विजेचं काही बिघडत नाही.

तरीही एकच इंजिन रुसलं असेल तर

चाकांच्या मागे टेकणाऱ्या पितळी पट्ट्या बघा. केस, धागा, तेल. टाचणीनं हलकेच वाकवून चाकाला टेकवा. जोरात टेकवल्या तर ब्रेक लागल्यासारखं होतं.

मग चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. एचओला ते साधारण १४.४ मिमी हवं. मी उद्यमनगरात एका टर्नरकडून बरोबर १४.४ मिमीचा पितळी ठोकळा करून घेतला. त्यानं लेथवरून उतरवून व्हर्नियर लावून दाखवला आणि हातावर ठेवला, अजून कोमट होता. दोन चाकांच्या मध्ये ठोकळा धरायचा: अडकला तर चाकं आत सरकलीत, डुगडुगला तर बाहेर. अंतर कमी असेल तर सांध्यावर चाक उडतं, आणि ते उडणं विजेच्या दोषासारखंच दिसतं.

बोर्ड फुगला असेल तर

इथं कष्ट मोठे. पावसाळ्यात प्लायच्या कडा ओल पितात, दोन बोर्डांच्या जोडाशी एक बाजू वर येते. स्टीलची पट्टी उभी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. रूळ उचलून, कडा घासून, सगळ्या बाजूंनी सीलर आणि प्रायमर द्यावा लागतो, खालच्या बाजूलासुद्धा. नवा बोर्ड करत असाल तर सांगाडा जोडण्याआधीच हे उरका. सांगाडाच वाकला असेल तर सुताराला बोलवा.

कुठं हात आखडायचा

कंट्रोलर गुणगुणतोय, हात ठेवता येणार नाही इतका तापतोय, जळका वास येतोय किंवा बोटाला मुंग्या येताहेत: प्लग काढा. आत २३० व्होल्ट आहेत. तो घरी उघडायचा नाही, कितीही सोपा दिसला तरी. दुरुस्ती करणाऱ्याकडं द्या किंवा नवा घ्या, आणि खोलीची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त. ओल्या भिंतीवरच्या बोर्डातून लेआउट चालवू नका. बोर्डाखालची मुख्य वायर कोमट लागली तरी थांबा. तिथं कुठंतरी शॉर्ट आहे आणि तो सापडेपर्यंत वीज बंदच हवी.

इंजिनातली डीसीसीची चिप जळाली असेल, किंवा ती सोल्डर करून बसवायची असेल, तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडं जा. त्याच्याकडं सूक्ष्मदर्शक असतो आणि हातही त्या कामाला सरावलेला असतो. जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: कुठल्या जागी थांबतं, हळू असताना की वेगात, एकाच दिशेनं की दोन्ही, किती वेळानं मोटर तापते. आणि नवी चिप लावण्याआधी त्याला मोटरचं एकेक टोक आणि चाकं यांच्यात मल्टिमीटर लावायला सांगा. बीप वाजला तर मोटर कुठंतरी अंगाला टेकलेली आहे, आणि तशी लावलेली नवी चिपही वीज देताच जळेल.